न्हाणीची मोरी तुंबली तर : आधी निदान, मग उपाय



आपल्या बातमीपत्रातून बेणे, लागण, खते, पाणी आणि तोडणी यांविषयी नेहमीच लिहिले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु शेतकऱ्याचा संसार म्हणजे नुसते शेत नव्हे. शेताच्या चारीत पाणी अडले तर आपण रात्री बॅटरी घेऊन बांधावर जातो. घरातल्या मोरीचे पाणी अडले तर मात्र ‘बघू रविवारी’ म्हणत चार-चार आठवडे ढकलतो. तोपर्यंत घरातल्या बाया घोट्याएवढ्या साबणाच्या पाण्यात उभ्या राहून धुणे उरकतात, म्हाताऱ्या माणसाचा पाय घसरतो, आणि ओट्यामागे डबके साचून डासांची पैदास सुरू होते. हा विषय किरकोळ वाटतो. पण मोडलेले खुबे, ॲसिडने भाजलेले हात आणि गॅसने गेलेले जीव यांच्या बातम्या याच किरकोळ विषयातून येतात. म्हणून या वेळी थोडे घरात डोकावू या.

हा लेख विशेषेकरून डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतली घरे डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे. तिथला पाऊस, तिथली जमीन आणि २०१८ पासून बसलेले भूकंपाचे धक्के यांमुळे मोरीचा प्रश्न तिथे जरा अधिकच हट्टी होतो. इतर भागांतल्या सभासदांनाही यातले बहुतेक सारे लागू पडेल.

पूर्वी मोरी का तुंबत नव्हती?

उत्तर सोपे आहे. पूर्वी तुंबायला नळीच नव्हती. परसात एक सपाट दगड, भोवती कुडाचा आडोसा, आणि पाणी वाहत जाऊन केळीच्या, अळवाच्या बुंध्याशी मुरायचे. अंगाला शिकेकाई नाही तर साधा साबण, पाणी विहिरीवरून डोक्यावर आणलेले, म्हणून दोन तांब्यांत अंघोळ. थोडे पाणी, उघडी वाट आणि पिणारी झाडे, असा तो हिशेब होता.

आता पक्की घरे झाली, न्हाणीघर घरात आले, फरशी आली, फरशीखालून नळी गेली. ‘जल जीवन मिशन’ २०१९ साली सुरू झाले, त्यात माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात देण्याचे ठरले आहे. पाच माणसांच्या घरात हे २७५ लिटर होतात. म्हणजे पंधरा लिटरच्या अठरा बादल्या. त्यातले पिण्या-शिजवण्याचे सोडले तर बाकीचे बहुतेक पाणी पुन्हा मोरीवाटे बाहेर पडते. नळ आला, पाणी वाढले. पण मोरी आणि तिच्या पुढचा खड्डा मात्र दोन हंड्यांच्या काळातलाच राहिला. तुंबण्याचे पहिले कारण हे आहे.

मोरीच्या तोंडाशी काय असते?

जाळीखाली जे वाटीसारखे भांडे बसवलेले असते त्याला गवंडी ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. हा ‘नहाणी’ शब्द आपल्याच न्हाणीवरून गेलेला आहे, आणि आज सरकारी बांधकाम खात्याच्या दरसूचीत इंग्रजी मजकुरातही तो तसाच छापलेला असतो. या भांड्यात नेहमी दोन इंच पाणी उभे राहील अशी रचना असते. ते पाणी म्हणजे एक दार आहे. मोरीचे पाणी पुढे जाते, पण गटारातली दुर्गंधी, झुरळे आणि वायू मागे येऊ शकत नाहीत. नळीला वाक देऊन पाण्याचे असे दार करण्याची युक्ती लंडनच्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ साली शौचकूपासाठी नोंदवली. तेव्हापासून जगभर तीच चालत आली आहे.

पुष्कळदा असे होते की मोरी वारंवार तुंबते म्हणून कोणीतरी वैतागून हे भांडेच उपटून टाकतो. पाणी धो धो जाऊ लागते आणि घरधनी खूश होतो. पण दार काढून टाकल्यावर चोर येणारच. २००३ साली हाँगकाँगमधल्या ‘अमॉय गार्डन्स’ या वसाहतीत सार्सची साथ पसरली आणि तीनशेहून अधिक रहिवासी आजारी पडले. तपासात जी कारणे पुढे आली त्यांत न्हाणीघरातले असे ट्रॅप कोरडे पडले होते, हे एक महत्त्वाचे कारण होते. तेव्हा ट्रॅप काढू नये. बंद राहणाऱ्या न्हाणीत आठवड्याला एक तांब्या पाणी ओतावे. महिनाभर गावाला जायचे असेल तर वरून चमचाभर खाण्याचे तेल सोडावे, म्हणजे पाणी लवकर उडून जात नाही.

बोळा कशाचा बनतो?

न्हाणीच्या नळीतला बोळा उघडून पाहिला तर त्यात मुख्यतः तीन गोष्टी सापडतात. पहिली केस. केस विरघळत नाही, कुजत नाही, जिथे खरबरीत कड मिळेल तिथे अडकतो आणि जाळे धरतो. दुसरी साबणाचा साका. जड पाण्यातला चुना आणि साबण एकत्र आले की फेस होण्याऐवजी पांढरट, चिकट साका तयार होतो. बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्यांच्या बादलीला जो थर बसतो तोच हा. तिसरी माती आणि राख. शेतातून आलेले पाय, भांडी घासायची राख, नारळाच्या काथ्याची घासणी, मुलांनी टाकलेल्या शाम्पूच्या पुड्या हे सारे त्या जाळ्यात अडकते. केसांचे जाळे, साबणाचे सारण आणि वर मातीचा गिलावा, असे ते बांधकाम असते. म्हणूनच नुसते पाणी ओतून ते हलत नाही.

कारखान्याशी याची तुलना करून पाहा. रस आटवण्याच्या पात्रांतल्या नळ्यांना आतून क्षारांचा थर बसतो, उष्णता पुढे जाईना होते, आणि मग गाळप थांबवून त्या नळ्या साफ कराव्या लागतात. तिथे कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने थर उकळून मऊ करतात आणि मग ब्रशने घासून काढतात. नुसत्या औषधावर काम भागत नाही, घासावेच लागते. ठिबकचेही तसेच. ड्रीपर चुन्याने बंद झाले तर आम्लाची प्रक्रिया, शेवाळाने बंद झाले तर क्लोरीनची. ज्याला जे लागू त्याला ते. रोग न ओळखता औषध दिले तर पैसे जातात आणि नळी तशीच राहते. मोरीचाही हाच कायदा आहे.

आधी बघा, तुंबले कुठे

गवंडीकामात मुरलेल्या मिस्त्रीला बोलावले की संवाद बहुधा असा होतो :

‘मिस्त्री, ॲसिडच्या तीन बाटल्या ओतल्या. पाणी काही हलेना.’

‘ओतल्या ते ठीक, दादा. पण बाहेरच्या चेंबरचं झाकण उघडून बघितलं का?’

सारे शहाणपण या एका प्रश्नात आहे. घराबाहेर भिंतीलगत जे चौकोनी चेंबर असते त्याचे झाकण उघडावे आणि न्हाणीत बादलीभर पाणी ओतावे. मग तीनपैकी एक गोष्ट दिसेल.

(१) चेंबर कोरडे आहे आणि न्हाणीत पाणी उभे आहे. याचा अर्थ बोळा न्हाणी आणि चेंबर यांच्या दरम्यान आहे. बहुतेक वेळा तो ट्रॅपमध्ये किंवा पहिल्या वाकात असतो. हा सोपा प्रकार.

(२) चेंबर काठोकाठ भरलेले आहे. मग न्हाणीत काहीही करून उपयोग नाही. अडथळा चेंबरच्या पुढे, गटाराकडे किंवा शोषखड्ड्याकडे आहे.

(३) पाणी चेंबरपर्यंत येते, पण संथ, गुडगुड आवाज करत येते. तिथे नळी पूर्ण बंद नाही. अर्धी गाळाने भरली आहे, नाहीतर उतार कमी आहे, नाहीतर हवा निघायला वाट नाही.

एक घरगुती खूणही लक्षात ठेवावी. एकच मोरी तुंबली असेल तर दोष त्या मोरीत. न्हाणी, स्वयंपाकघर आणि धुण्याची जागा तिन्ही एकदम मागे घेऊ लागल्या तर दोष पुढच्या एकत्र वाटेत. आणि फक्त आषाढ-श्रावणातच तुंबत असेल, दिवाळीनंतर आपोआप सुटत असेल, तर दोष नळीत नसून जमिनीत आहे. त्याविषयी पुढे येईलच.

घरात चेंबरच नसेल तर मोरीचे पाणी जिथे बाहेर पडते ते तोंड शोधावे. तेही सापडत नसेल तर पहिला खर्च चेंबर बांधण्यावर करावा. मोहेंजोदडोच्या लोकांनी साडेचार हजार वर्षांपूर्वी आपल्या गटारांत गाळ बसायला खड्डे आणि वरून उचलता येतील अशी झाकणे ठेवली होती. आपण निदान तेवढे तरी करावे.

हट्टी बोळा काढण्याच्या पायऱ्या

पायऱ्या क्रमाने घ्याव्यात. एकदम शेवटच्या पायरीवर उडी मारू नये.

पहिली पायरी, हात आणि आकडा. हातात रबरी मोजे घालावेत. उंदीर वावरत असलेल्या मोरीतून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, आणि शेतकऱ्याच्या हाताला पाचटाचे ओरखडे असतातच. जाळी काढावी, ट्रॅपमधली वाटी असेल तर उचलून धुवावी, आणि जाड तारेचा टोकाला छोटा आकडा करून केसांचा गुंता वर ओढावा. ढकलू नये, ओढावा. ढकललेला बोळा पुढच्या वाकात जाऊन अधिक घट्ट बसतो. निम्म्या मोऱ्या इथेच सुटतात.

दुसरी पायरी, गरम पाणी आणि धुण्याचा सोडा. साचलेले पाणी काढून टाकावे. बादलीभर गरम पाण्यात मूठ-दोन मुठी धुण्याचा सोडा विरघळवून सावकाश ओतावा व अर्धा तास थांबावे. साबणाचा साका आणि तेलकटपणा मऊ होतो. पाणी हाताला सोसवेल त्याहून थोडे अधिक गरम असावे, उकळते नसावे. पीव्हीसीची नळी उकळत्या पाण्याने मऊ पडते, वाकते आणि तिचे सांधे सुटतात. खाण्याचा सोडा आणि लिंबू किंवा व्हिनेगर यांचा फेस दिसायला छान दिसतो, पण दोघे एकमेकांना मारतात आणि उरते खारट पाणी. त्याने वास जाईल, बोळा जाणार नाही.

तिसरी पायरी, रबरी पंप. लाकडी दांड्याला रबराची वाटी असलेला हा पंप हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. त्याचे मर्म दोन गोष्टींत आहे. वाटी बुडेल इतके पाणी मोरीवर उभे असावे, आणि त्याच नळीला जोडलेली दुसरी तोंडे ओल्या फडक्याने बंद केलेली असावीत. नाहीतर दाब तिकडून निघून जातो. मग वीस-पंचवीस वेळा ठेक्यात दाबावे आणि ओढावे. ओढणे हे दाबण्याइतकेच महत्त्वाचे.

चौथी पायरी, लांब काठी. प्लंबरकडे यासाठी पोलादी स्प्रिंग असते. आपल्याकडे बांबूची गुळगुळीत तासलेली लवचीक कामटी चालते, किंवा ठिबकची जुनी १६ मिलिमीटरची नळी चालते. शक्यतो ती चेंबरच्या बाजूने न्हाणीकडे सारावी. तिकडून वाट सरळ असते, ट्रॅपचा वाक आड येत नाही. जिथे ती अडेल तिथे बोटाने खूण धरावी, बाहेर काढून जमिनीवर आडवी ठेवावी. बोळा भिंतीपासून किती फुटांवर आहे ते तेव्हाच कळते. उद्या फरशी फोडायची वेळ आलीच तर सगळी न्हाणी उखडावी लागत नाही, एकच लादी काढून भागते. काठी प्रत्येक वेळी त्याच जागी अडत असेल आणि टोकाला तंतूंसारखी मुळे लागून येत असतील, तर सांध्यातून झाडाचे मूळ आत शिरले आहे असे समजावे. तिथे सांधा उघडून नवा करण्याला पर्याय नाही.

एक इशारा. शेतातला फवारणीचा पंप दाबासाठी मोरीत लावू नये. त्यात कीटकनाशकाचा अंश राहिलेला असतो, आणि बंद न्हाणीत त्याचे तुषार अंगावर उडतात.

पाचवी पायरी, उतार तपासणे. चार इंची नळीला दर दहा फुटांना तीन इंच उतार असावा. पाण्याला स्वतःची वाट स्वतः धुण्याइतका वेग तेव्हाच येतो. काटकोनी वाकाऐवजी दोन सौम्य वाक घालावेत, आणि वाकाला साफसफाईचे झाकण असलेला तुकडा बसवावा. बांधतानाच हे केले तर पुढची वीस वर्षे डोकेदुखी वाचते.

ॲसिड आणि कॉस्टिकबद्दल स्पष्ट बोलणे

दुकानात मिळणारे ॲसिड केसांवर फारसे काम करत नाही. ते काम करते चुन्यावर. आणि आपल्या न्हाणीत चुना कुठे असतो? सिमेंटच्या सांध्यात आणि शहाबादी फरशीत. शहाबादी म्हणजे चुनखडीचाच दगड. ॲसिड ओतल्यावर जो फेस येतो तो बोळा विरघळल्याचा नसून आपली फरशी आणि सांधे विरघळत असल्याचा असतो. पुढे त्याच सांध्यातून पाणी भिंतीत मुरते.

कॉस्टिक सोडा मात्र केस आणि चरबी खरोखर तोडतो. पण तो माणसाचे कातडे आणि डोळेही तसेच तोडतो. कारखान्यात तो वापरणारा कामगार चष्मा, मोजे आणि गमबूट घालतो, हे विसरू नये. पाण्यात पडताच तो तापतो. म्हणून वापरायचाच झाला तर सोडा थोडा थोडा थंड पाण्यात टाकावा, सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. तुंबलेल्या मोरीत तो ओतल्यावर पाणी गेले नाही, तर ते साचलेले पाणीच विषारी होऊन बसते आणि पुढे हात घालणाऱ्याला भाजते. मिस्त्रीला बोलावले तर आधी काय ओतले आहे ते त्याला प्रामाणिकपणे सांगावे. त्याच्याही घरी मुलेबाळे आहेत.

यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे मिश्रण. ॲसिड आणि टीसीएल पावडर, म्हणजे पाण्यात टाकायची ब्लीचिंग पावडर, एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. दार लावलेल्या लहानशा न्हाणीत तो जीवघेणा ठरतो. ॲसिड आणि कॉस्टिक एकत्र आले की उसळी मारून अंगावर येतात. एक औषध लागू पडले नाही म्हणून त्यावर दुसरे ओतणे, हा सर्वांत धोक्याचा खेळ आहे. डोळ्यात किंवा अंगावर उडालेच तर लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली निदान वीस मिनिटे धुवावे आणि मग दवाखाना गाठावा. हळद, तेल, टूथपेस्ट काही लावू नये. मुलाने ते प्यायल्यास उलटी करवू नये. तडक दवाखान्यात न्यावे. या बाटल्या पाण्याच्या किंवा सरबताच्या जुन्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय आजच मोडावी.

पाऊस, जमीन आणि शोषखड्डा

डहाणूकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. किनाऱ्याकडे, म्हणजे चिंचणी, डहाणू, घोलवड, बोर्डी या पट्ट्यात, पावसाळ्यात जमिनीखालचे पाणी वर येते आणि खाडीलगत भरतीच्या वेळी उतारच उरत नाही. खड्डाच भरलेला असेल तर मोरीचे पाणी जाणार कुठे? पूर्वेकडे, कासा, सायवन, उधवा, झरी या भागांत वेगळा प्रकार. मातीचा थर पातळ आणि खाली काळा कातळ. कातळावर खणलेला खड्डा म्हणजे हौदच, मुरायला वाव नाही. दोन्हीकडे लोक मोरीला दोष देतात, पण दोष खड्ड्याच्या जागेत असतो.

म्हणून खड्डा खणण्याआधी जमिनीची परीक्षा घ्यावी. फूटभर रुंद असा लहान खड्डा इच्छित खोलीपर्यंत घ्यावा, त्यात पाणी भरून रात्रभर मुरू द्यावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा सहा इंच पाणी भरून घड्याळ लावावे. एक इंच पाणी उतरायला अर्ध्या तासाच्या आत वेळ लागला तर शोषखड्डा चालेल. त्याहून जास्त लागला तर खोल खड्ड्याचा नाद सोडून उथळ, लांब चर काढावा आणि त्याच्या कडेने केळी, कर्दळ, अळू लावावे. झाडे ते पाणी पितात. कॉस्टिक वापरणाऱ्या घरांनी मात्र ते पाणी त्या दिवशी झाडांना जाऊ देऊ नये.

साधा शोषखड्डा सुमारे एक मीटर लांब, रुंद आणि खोल असतो. तळाशी मोठे दगड, वर मध्यम, त्यावर लहान. त्याच्या आधी गाळ बसण्यासाठी एक छोटी टाकी हवीच. बहुतेक खड्डे पाण्याने मरत नाहीत, साबणाच्या साक्याने आणि गाळाने त्यांचे रंध्र बुजते. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने हेच ओळखले. तिथे घरोघर खड्ड्याच्या मधोमध वरच्या अंगाला भोके असलेली सिमेंटची टाकी बसवली आणि भोवती दगड भरले. गाळ टाकीच्या तळाशी राहतो, वरचे निवळ पाणी भोकांतून जाऊन मुरते, आणि टाकी अधूनमधून साफ करता येते. उघडी गटारे गेली, डास कमी झाले, आणि हा ‘जादूचा खड्डा’ नांदेड पॅटर्न म्हणून राज्यभर ओळखला गेला. जादू कसली, गाळ अलग करण्याची अक्कल आहे.

दोन पथ्ये कटाक्षाने पाळावीत. खड्डा पिण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून निदान साठ फूट दूर असावा. आणि दोन खड्ड्यांच्या शौचालयाच्या खड्ड्यात न्हाणीचे पाणी सोडू नये. तो खड्डा तेवढ्या पाण्यासाठी केलेला नसतो. तो भरून वाहू लागला की घाण विहिरीपर्यंत जाते.

डासांविषयीही नीट समजून घ्यावे. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो, तर मोरीच्या घाण डबक्यात क्युलेक्स जातीचा डास वाढतो, आणि हत्तीरोग पसरवतो तो हाच. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळताना पिंपाबरोबर मोरीमागचे डबकेही मोडावे.

धक्क्यांच्या भागात

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे लहान लहान धक्के मालिकेने बसू लागले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी तर ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. भिंतीची भेग दिसते, पण जमिनीखालच्या नळीचा सुटलेला सांधा दिसत नाही. तिथून पाणी मुरते, माती आत येते आणि चांगली चालणारी मोरी विनाकारण संथ होते. पाया ओला राहणे हे तर अधिक वाईट. म्हणून जाणवेल असा धक्का बसून गेला की भिंतींबरोबर मोरीचीही परीक्षा घ्यावी. न्हाणीत मोजून दोन बादल्या पाणी सोडावे आणि चेंबरमध्ये ते पुरते येते का ते पाहावे. चेंबरमध्ये लाल माती किंवा वाळू येत असेल, अथवा पाणी कमी भरत असेल, तर सांधा हलला आहे. नव्या बांधकामात नळी भिंतीतून जाताना भोवती सिमेंट घट्ट न ठासता थोडी मोकळी जागा ठेवावी आणि सांध्याला रबरी कडी असलेली नळी वापरावी, म्हणजे ती थोडी हलली तरी तुटत नाही.

खड्ड्यात कोणी उतरू नये

हे वेगळ्या मथळ्याखाली लिहिण्याचे कारण आहे. शौचटाकी किंवा बंद मैलाखड्डा यांत हायड्रोजन सल्फाइडसारखे विषारी वायू साचतात आणि प्राणवायू उरत नाही. आत उतरलेला माणूस काही क्षणांत कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. असे एकाच घरातले दोघे-तिघे जाण्याचे प्रकार आपण वर्तमानपत्रांतून वाचत आलो आहोत. वायूचा वास येतो म्हणून कळेल, असेही नाही. तो दाट झाला की नाकच बधिर होते. पेटती काडी टाकून पाहणे तर स्फोटाला आमंत्रण.

शौचटाक्यांची धोकादायक सफाई साधनांशिवाय माणसाकडून करवून घेणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी प्रश्न साधा आहे. ज्या खड्ड्यात आपण आपल्या मुलाला उतरवणार नाही, त्यात दुसऱ्याच्या मुलाला चार पैशांसाठी उतरवू नये. ग्रामपंचायतीकडे किंवा जवळच्या नगरपरिषदेकडे उपसा करणाऱ्या गाडीची चौकशी करावी, आणि ती येईपर्यंत मोरीचे पाणी बंद ठेवावे. दोन दिवसांची गैरसोय सोसते. गेलेला माणूस परत येत नाही.

रोजची शिस्त

शेवटी, न तुंबण्याचे उपाय तुंबल्यावरच्या उपायांहून स्वस्त असतात.

— जाळी बारीक भोकांची असावी आणि अंघोळीनंतर केस उचलून कचऱ्यात टाकावेत. जो शेवटी अंघोळ करील त्याने हे काम करावे. नेहमी सूनबाईनेच का?

— शेतातून आल्यावर पायांचा चिखल अंगणातल्या दगडावर धुवावा, न्हाणीत नव्हे.

— राख, काथ्या, खरकटे, शाम्पूच्या पुड्या मोरीत जाऊ देऊ नयेत.

— आठवड्यातून एकदा बादलीभर गरम पाणी एका दमात ओतावे. थेंब थेंब पाण्याने नळी धुतली जात नाही, लोंढ्याने जाते.

— महिन्यातून एकदा ट्रॅपची वाटी काढून धुवावी. वर्षातून एकदा, मृग निघण्यापूर्वी, चेंबर आणि गाळाची टाकी उपसावी. बांधबंदिस्ती करतो त्याच आठवड्यात हे उरकावे, म्हणजे विसरायला होत नाही.

— नळ्या कुठून गेल्या आहेत त्याचा साधा नकाशा कागदावर काढून घराच्या कागदपत्रांत ठेवावा. बांधणारा गवंडी वीस वर्षांनी भेटेलच असे नाही.

सभासदांनो, पाटाचे पाणी शेवटच्या सरीपर्यंत पोचवण्याची विद्या आपल्याला कोणी शिकवायला नको. उतार, गाळ आणि वाट या तीन गोष्टी सांभाळल्या की पाणी आपले ऐकते, हे आपण शेतात रोज पाहतो. तेच घरात करायचे आहे. येत्या रविवारी न्हाणीत बादलीभर पाणी ओतून बाहेरच्या चेंबरचे झाकण एकदा उघडून पाहावे. दोष असेल तर तो मृगाआधी सापडेल. नसेल तर उत्तमच, झाकण लावून निश्चिंत व्हावे.